न्हाणीच्या पाण्याची वाट

राणीसावरगाव
३ डिसेंबर २०२४

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

टपालानं पत्र आलेलं पाहून राजेश्री हसली असेल. हसू दे. फोनवर मी ओरडतो, तुला काही ऐकू येत नाही आणि सगळ्या गल्लीला मात्र आपला संसार कळतो. त्यापेक्षा हे बरं. सातवी शिकलेली बायको केल्याचा उपयोग आत्ता कुठं व्हायला लागलाय. मोडायचाच होता तर डावा हात मोडलास, हेही शहाणपणाचंच केलंस. उत्तर टाळायला सबब राहिली नाही.

तुला घेऊन चाकणला जाताना राजेश्री मागच्या दारात उभी राहून काय म्हणाली, ते तुला ऐकू आलं नसेल. म्हणाली, "बाबा, हे परस नीट होईस्तोवर आईला धाडायची न्हाई." लेकीनं बापाला अट घातली. मीही म्हटलं, बघच आता. शेजारचे दत्तराव म्हणत होते, "दादा, मिस्त्री सांगा, दोन दिसांत मोकळं व्हा." मी नाही म्हटलं. ऊसतोड सोडल्यावर गवंड्यांच्या हाताखाली मी काय नुसतं घमेलं उचललं का? डोळे उघडेच होते की. शिवाय मिस्त्रीला काय माहीत, तू रात्री-बेरात्री कुठं पाय टाकतेस.

सगळं परस खुरपून काढलं. काल लेवल घेतली. पाणी भरलेल्या नळीचं एक टोक न्हाणीच्या दगडाला बांधलं आणि दुसरं घेऊन कुंपणापाशी गेलो. इकडं पाणी बघायचं, तिकडं खूण करायची, पुन्हा धावत इकडं. तू असतीस तर एक टोक धरून "खाली, अजून खाली" करत मला दिवसभर नाचवलं असतंस. एकट्यानं नाचलो.

आता बेत ऐक. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत शहाबादी फरशीची वाट, खरबरीत बाजू वर ठेवून, म्हणजे पाय घसरणार नाही. लिंबाखाली टेकायला पाठ असलेला कट्टा. आणि मुख्य म्हणजे न्हाणीचं पाणी. उघड्या मातीतून कोपऱ्यातल्या अळवापर्यंत जातं, त्याचंच शेवाळ होतं, त्यावरच तू पडलीस. ते पाणी पाइपात घालतो आणि कोपऱ्यात शोषखड्डा खणून त्यात सोडतो. दगडगोटे, वाळू, वरून झाकण. पाणी दिसणारही नाही.

घर खायला उठतंय. भाकरी मला येते, पण एकट्यासाठी पीठ मळावं वाटत नाही. लवकर बरी हो.

वैजीनाथ


चाकण
११ डिसेंबर

राजेश्रीच्या बाबांना नमस्कार.

पत्र मिळालं. ऋतिकानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि "आजोबा नाचले" इथं ती इतकी हसली की पुढचं मला माझंच वाचावं लागलं. हाताचं प्लास्टर काढलं. बोटं अजून पुरती मिटत नाहीत. राजेश्री कामाला हात लावू देत नाही. जावईबापू कंपनीतून येतात, चहा घेतात, माझ्याकडं बघून हसतात. मला ऐकू येत नाही म्हणून ते बिचारे माझ्याशी नुसतं हसतातच.

इथं आंघोळीचं पाणी फरशीतल्या एका जाळीतून जातं. मी राजेश्रीला विचारलं, पुढं कुठं जातं. ती म्हणाली, "जातंय कुठंतरी." तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला त्याचं काय.

फरशीची वाट करा. कट्टा करा, मला लिंबाखाली बसायला आवडेल. मात्र एक माझं ऐका. न्हाणीचं पाणी आहे तसंच जाऊ द्या. अळवाला ते लागतं. मी त्या बाजूला पाय टाकणार नाही, राजेश्रीला तसं वचन देते. खड्डा खणायचाच असेल तर लिंबाच्या पलीकडं खणा. कोपरा उकरू नका.

आणि मी नाही तोवर तुम्ही आंघोळ कुठं करता? तुम्हाला पुढच्या नळाखाली उभं राहायची सवय आहे. तसं करू नका. न्हाणीतच करा. दोन तांबे जास्तीचे घ्या.

मला घरी यायचं आहे. इथं सगळं आहे, पण जीव रमत नाही.

मनकर्णा


राणीसावरगाव
२२ डिसेंबर

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कोपऱ्यातल्या खड्ड्यात कमरेएवढा उभा होतो. पोस्टमननं वरूनच दिलं. तिथंच वाचलं आणि पोट धरून हसलो. ज्या अळवाची भाजी मला उभ्या जन्मात खाऊ घातली नाहीस, शेजारणीला पानही तोडू दिलं नाहीस, त्या अळवाची एवढी माया? मला ठाऊक आहे तुझं. ह्या वयात मी खड्डे खणू नयेत म्हणून अळू पुढं केलंस. काळजी करू नको. अळवाचे सगळे कंद काढून हौदाजवळ लावलेत, दोन पानं तरारलीसुद्धा. उतार त्याच कोपऱ्याला आहे, पाणी वर चढून लिंबाकडं जाणार कसं?

तर खड्डा झाला. पाइप बसला. झाकण घातलं. मी स्वतः न्हाणीत बसून, तू सांगितलंस तसे जास्तीचे तांबे घेऊन आंघोळ केली आणि बाहेर येऊन बघितलं. एक थेंब दिसेल तर शपथ.

खड्ड्यातली माती काय निघाली म्हणून सांगू. काळी, मऊ. दत्तराव बघायला आले, मूठभर हातात घेऊन म्हणाले, "दादा, ही माती वाया घालू नका. आमच्या वरच्या तुकड्यात निस्ता मुरूम हाय, तिथं पसरवतो." ट्रॅक्टर आणून सगळी ट्रॉली भरून नेली. परसही मोकळं झालं.

कट्ट्याची गंमत मुद्दाम शेवटी ठेवली. तुझा तो डबा सापडला, फुटक्या बांगड्यांचा. वरचं सिमेंट ओलं असतानाच त्या काचांचं फूल बसवलं. हिरवी पानं, लाल पाकळ्या. मध्याला काय ठेवावं सुचत नव्हतं. मग आठवलं, खणताना काळे-पांढरे मणी निघाले होते, लहान लेकरांच्या मनगटाला बांधतात तसले. राजेश्रीचेच असणार, खेळताना तुटले असतील. धुतले तर नव्यासारखे निघाले. ते फुलाच्या मध्ये गोल बसवलेत. राजेश्रीला दाखवायचेत, तिच्याच बालपणावर तिची आई टेकून बसणार म्हणून.

आता लेकीला म्हणावं, अट पुरी झाली. संक्रांतीला घरी ये.

वैजीनाथ


राणीसावरगाव
९ जानेवारी २०२५

सौ. मनकर्णेस आशीर्वाद.

उत्तर नाही. राजेश्रीला फोन केला. ती म्हणते, तुमचं पत्र वाचलं त्या दिवसापासून आई नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, आणि मधूनच एकच विचारते की दत्तरावांनी माती कोणत्या तुकड्यात टाकली. पोरगी घाबरली आहे. मलाच विचारते, तुमी काय लिवलं होतं. मी काय लिहिलं होतं? आनंदानं लिहिलं होतं.

अळवासाठी इतकं रुसायचं का? अळू जगलंय, सांगितलं ना. की तुझ्या बांगड्या न विचारता वापरल्या म्हणून? मी एवढा राबलो ते कशासाठी? दिवसभर वाकून पाठ धरली आहे, रोज गरम विटेनं शेकतो. बघायला कोणी नाही. कट्ट्यावर मी अजून बसलेलो नाही, पहिलं तू बसावंस म्हणून. आणि तू एक ओळ लिहीत नाहीस. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

रागाचं का असेना, पण लिही.

वैजीनाथ


चाकण
१७ जानेवारी

राजेश्रीच्या बाबांना नमस्कार.

हे मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हते. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, शपथ घातली होती आणि त्या गेल्यावरही मी ती मोडली नाही. पण आता ठेवून काय करू.

ते मणी राजेश्रीचे नाहीत. आपल्या पहिल्या मुलीचे आहेत.

तुम्ही सांगलीकडं फडावर होता. मला दिवस भरत आले होते म्हणून घरी ठेवलं होतं. मुलगी झाल्याचं आणि ती गेल्याचं तुम्हाला एकाच वेळी कळलं. हंगाम संपवून आल्यावर तुम्ही आत्याबाईंना विचारलं, कुठं ठेवली. त्या म्हणाल्या, "गंगेला दिली." तुम्ही मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला वाटलं, नावही नव्हतं ठेवलेलं, विसरलात.

तिला गंगेला नेलंच नाही. गावातली तेवढी लहान लेकरं ओढ्याकाठी पुरतात. आत्याबाई म्हणाल्या, "वढ्याला कोल्हे उकरत्यात. लेकरू लय बारीक हाय, एकलं टाकायचं न्हाई." त्यांनी स्वतः कोपऱ्यात खणलं. मी बाळंतीण, दाराला धरून उभी होते. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली, मनगटातले मणी तसेच राहू दिले. मग हातातल्या खोऱ्यानंच न्हाणीपासून तिथपर्यंत पाण्याला वाट करून दिली आणि मला म्हणाल्या, "बारशाआधी गेल्यालं लेकरू, त्याला पाण्याची आस ऱ्हाती. तू रोज न्हाशील ते तिला जाईल. आईच्या हातची आंघुळ समज. कुनाला सांगू नको, बाप्यामानसाला तर न्हाईच. घरात पुरलं म्हनून गाव आपल्या घरचं पानी पिनार न्हाई."

त्या दिवसापासून मी तिला रोज आंघोळ घातली. अंगात ताप असला तरी दोन तांबे ओतून यायचे. दिवाळीला उटण्याचं पहिलं पाणी तिचं. राजेश्रीला पायावर घेऊन न्हाऊ घालायचे तेव्हा वाटायचं, दोघींचं एकदम होतंय. अळू आपोआप उगवलं, मी लावलं नव्हतं. ते तोडून शिजवायचं माझ्यानं कसं झालं असतं? तुम्ही डासांवरून बोलायचात, गबाळी म्हणायचात, मी ऐकून घ्यायचे. पडले त्या दिवशीही वाटेत पालापाचोळा अडकून पाणी थांबलं होतं, तो काढायला वाकले होते.

तुमचं ते पत्र मी आधी हसत हसतच वाचत होते. अळवाचं वाचून हसले. मग मातीचं वाचलं. मग मण्यांचं.

तुम्ही तिला खणून काढली, ट्रॉलीत भरून दिली, आणि तुम्हाला ठाऊकही नव्हतं. मी तुम्हाला बोल लावत नाही. लावायला कुणीच नाही, म्हणून जास्त जीव जळतो. राजेश्रीला यातलं काही सांगू नका.

मनकर्णा


राणीसावरगाव
२५ जानेवारी

मनकर्णे,

मी विसरलो नव्हतो.

परभणीला जाताना गंगाखेडपाशी एसटी गंगेच्या पुलावर आली की मी खिडकीशी जायचो. राजेश्रीसाठी घेतलेल्या खाऊतला एक पेढा, एक गोळी, जे असेल ते पाण्यात टाकायचो. तू घरी पुडी उघडून म्हणायचीस, "एक कमी कशी?" मी म्हणायचो, वाटेत खाल्ली. तू मला खादाड म्हणायचीस. मला बरं वाटायचं, की तुला कळलं नाही, उगा तुझी जखम उघडली नाही. इतकी वर्षं मी नदीला खाऊ घातला, आणि पोरगी माझ्या परसात होती. मी तिच्या अंगावरून चाललो असेन. तिथं उभं राहून डासांना शिव्या दिल्या. आईनं मला सांगायला हवं होतं. तू सांगायला हवं होतंस. बापाला काय कोल्हा समजला होतात का तुम्ही?

हे लिहून गेलं. खोडत नाही, पण राग धरू नको.

दत्तरावांच्या वरच्या तुकड्यावर गेलो. त्यांनी माती पसरून, वखरून, भुईमूग पेरला आहे. अंकुर वर आलेत. कुठली माती आपली आणि कुठली त्यांची, काही कळत नाही. बांधावर चपला काढल्या, पण आत पाय टाकवेना. दत्तराव आले, म्हणाले, "काय बघायलाव दादा?" मी म्हटलं, माती कशी बसली ते बघायलोय. ते म्हणाले, "लय जीव हाय तुमच्या मातीत." मी बरं म्हणून निघून आलो. रस्त्यावर आल्यावर मात्र मला रडू आवरलं नाही. येणारी-जाणारी माणसं बघत होती.

घरी येऊन पहार घेतली, खड्ड्याचं झाकण काढलं आणि पाइप फोडला. पाणी पुन्हा जुन्या वाटेनं कोपऱ्यात जातं, तिथल्या दगडगोट्यांत मुरतं. ते बघून आणखीच वाईट वाटलं. कट्ट्यातले मणी काढावेत म्हणून छिन्नी लावली. पहिलाच मणी फुटला. मग हात थांबवला. सांग, सगळा कट्टा फोडू का? दत्तरावांच्या शेतातली पाटीभर माती आणून कोपऱ्यात टाकू का? तू म्हणशील ते करतो. तू घरी यावीस म्हणून हे सगळं मांडलं होतं, आणि तुझं ज्यासाठी घर होतं तेच माझ्या हातानं गेलं.

एक विचारतो. तिचं तोंड कसं होतं? मी तिला बघितलंच नाही.

वैजीनाथ


चाकण
३ फेब्रुवारी

राजेश्रीच्या बाबांना नमस्कार.

तोंड तुमच्या वळणाचं होतं. राजेश्री माझ्यावर गेली, ती तुमच्यावर गेली होती. कपाळ रुंद, भुवया जुळलेल्या, रंग उजळ नव्हता. मूठ कायम घट्ट मिटलेली. कुणी सोडवली तर कुरकुरायची. रडणं बारीक होतं, शेजारच्या खोलीतही ऐकू जायचं नाही. पायावर घेऊन पाणी घातलं की गप्प व्हायची, डोळे उघडून वर बघत राहायची. आंघोळ तिला आवडायची. आत्याबाईंना हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना ते पाण्याचं सुचलं असेल, असं मला आता वाटतं.

मी सांगायला हवं होतं, हे खरं आहे. पुलावरचं तुम्हीही सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी बोलले असते. दोघांनी एकमेकांना जपलं आणि ती तेवढी मध्ये राहून गेली. तुमच्या वाटणीचं रडणं तुम्ही रस्त्यावर रडलात, हे वाचून मला इथं फार रडू आलं. राजेश्रीनं विचारलं. हात दुखतो म्हटलं.

कट्टा फोडू नका. मणी आहेत तिथं राहू द्या, छिन्नीनं सगळेच फुटतील. पण मला त्यावर बसता येणार नाही, आणि तुम्हीही बसू नका. माती आणू नका. कुठली आणाल? पाटीत ती येईल की नाही, कुणी सांगावं.

मी घरी येत नाही. रुसून नाही. तुमची पाठ धरली आहे, जेवणाचे हाल आहेत, हे मला इथं दिसतं आणि घास उतरत नाही. पण त्या न्हाणीत बसून तांब्या उचलायचा आणि पाणी नुसतं दगडात मुरताना बघायचं, हे माझ्यानं होणार नाही. राजेश्रीला मी सांगितलंय की परस छान झालंय, मलाच अजून भीती वाटते. तुम्हीही तसंच सांगा.

एक काम करा. दत्तरावांना विचारा, त्या वरच्या तुकड्याला पाणी कोणत्या दिवशी देतात. कारण सांगू नका. भुईमूग निघाल्यावर उन्हाळ्यात तो तुकडा कोरडाच पडतो का, तेही विचारून घ्या, आणि पडत असेल तर मला खरं कळवा. पाणी देण्याचा दिवस ठरला की मी गाडीनं येते. गंगाखेडला उतरवून घ्या आणि घरी न नेता थेट शेतावर न्या. त्या दिवशी पाण्याचा दांड मला फोडू द्या, शेतात पाणी माझ्या हातानं जाऊ दे, एवढं दत्तरावांना कसंही करून पटवा. संध्याकाळच्या गाडीनं मी परत जाईन.

मनकर्णा